नगरपालिका-अभिलेख आणि नागरिकांचा माहितीचा अधिकार

नगरपालिका व महानगरपालिका यांच्या कारभारातून निर्माण होणारी सभांची इतिवृत्ते, जमाखर्चाचे हिशेब, निविदा व करारनामे, बांधकाम-परवानग्या, मंजूर नकाशे, मोजमाप-पुस्तिका, देयके, कर-आकारणीच्या नोंदवह्या इ. कागदपत्रांना नगरपालिका-अभिलेख असे म्हणतात. हे अभिलेख पाहण्याचा व त्यांच्या प्रती मिळविण्याचा नागरिकांचा अधिकार आज कायद्याने मान्य झाला आहे. तथापि ही मान्यता मिळण्यास दीर्घ काळ लागला.

शासकीय कागदपत्रे प्रजेस खुली असावीत, या तत्त्वास प्रथम कायद्याचे रूप स्वीडनमध्ये मिळाले. तेथील १७६६ च्या मुद्रणस्वातंत्र्याच्या कायद्याने शासकीय दस्तऐवज पाहण्याचा व छापण्याचा अधिकार नागरिकांना दिला. इंग्लंडमध्ये या प्रश्नाचा उगम करदात्याच्या हक्कात आढळतो. १८३५ च्या म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स अधिनियमाने नगरसंस्थांच्या हिशेबांचे परीक्षण आवश्यक ठरविले आणि त्यांचा गोषवारा करदात्यांस उपलब्ध करून देण्याची तरतूद केली. जो कर देतो, त्याला त्या पैशाचा विनियोग कळला पाहिजे, हा त्यामागील विचार होय. पुढे १९६० च्या अधिनियमाने स्थानिक संस्थांच्या सभांना उपस्थित राहण्याचा अधिकार जनतेला मिळाला आणि १९८५ च्या अधिनियमाने सभेपुढे येणारे अहवाल व त्यांची आधारभूत कागदपत्रे पाहण्याची सोय झाली.

भारतात ब्रिटिश अमदानीत दोन परस्परविरोधी प्रवाह शेजारी शेजारी वाहत होते. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने ‘सार्वजनिक दस्तऐवज’ ही संकल्पना मान्य केली. जो दस्तऐवज पाहण्याचा अधिकार एखाद्या व्यक्तीस असेल, त्याची प्रमाणित प्रत शुल्क घेऊन देणे संबंधित अधिकाऱ्यावर बंधनकारक ठरले. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातही सभांची इतिवृत्ते नगरसेवकांना विनाशुल्क व इतरांना शुल्क भरून पाहता यावीत, अशी व्यवस्था होती. उलटपक्षी १८८९ चा आणि नंतर १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम यांनी गोपनीयतेला कायद्याचे बळ दिले. हे कायदे मूलतः राज्याच्या सुरक्षिततेसाठी केलेले असले, तरी त्यांतून वाढलेली गोपनीयतेची वृत्ती स्थानिक संस्थांच्या कचेऱ्यांतही रुजली. सभेत काय ठरले हे नागरिकाला कळू शके. परंतु ठरलेले काम प्रत्यक्षात कसे झाले, हे सांगणारे करारनामे व देयके मात्र त्याच्या दृष्टीआडच राहत.

स्वातंत्र्योत्तर काळात या प्रश्नाला संविधानाचा आधार प्राप्त झाला. उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध राज नारायण (१९७५) व एस. पी. गुप्ता (१९८१) या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने जाणून घेण्याच्या हक्काचा संबंध भाषण व अभिव्यक्ती यांच्या स्वातंत्र्याशी जोडला. नागरी अभिलेखांच्या दृष्टीने १९८६ मधील पुणे कटक मंडळाविरुद्धचे प्रकरण विशेष महत्त्वाचे आहे. बाँबे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुप या संस्थेने कटक हद्दीतील बांधकाम-परवानग्यांची कागदपत्रे पाहण्याची मागणी केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती मान्य केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी, प्रामाणिक नागरी कृतिगटांपुरता, हा अधिकार कायम ठेवला. अधिकार मान्य झाला. पण तो कोणाला मिळावा, याची मर्यादाही त्याबरोबरच आली.

ही मर्यादा पुढे लोकचळवळींनी ओलांडली. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावणीची पद्धत रूढ केली. हजेरीपट व देयके गावापुढे जाहीरपणे वाचून दाखवावयाची आणि त्यांची सत्यता गावकऱ्यांनीच सांगावयाची, असे तिचे स्वरूप होते. अभिलेखांच्या छायाप्रती मिळाव्यात, या मागणीसाठी १९९६ मध्ये ब्यावर या शहरात संघटनेने चाळीस दिवसांचे धरणे धरले. तमिळनाडू व गोवा या राज्यांनी १९९७ मध्ये माहितीच्या अधिकाराचे कायदे केले. महाराष्ट्रात २००० मध्ये झालेला कायदा अपुरा ठरला. त्याच्या जागी अधिक व्यापक असा २००२ चा कायदा आला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर ऑगस्ट २००३ मध्ये त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली.

महानगरातील अभिलेखांचे सामर्थ्य दिल्लीतील एका प्रकरणातून स्पष्ट झाले. दिल्लीच्या २००१ च्या कायद्याखाली ‘परिवर्तन’ या संस्थेने सुंदरनगरी व नवी सीमापुरी या वस्त्यांतील ६८ महापालिका-कामांच्या करारनाम्यांच्या प्रती मिळविल्या. रहिवाशांनी त्या हाती घेऊन गल्लोगल्ली मोजमाप केले. डिसेंबर २००२ मध्ये झालेल्या जनसुनावणीत संस्थेने असे मांडले, की पडताळणी केलेल्या सु. १·३ कोटी रुपयांच्या कामांपैकी सु. ७० लाख रुपयांच्या बाबी जागेवर आढळल्या नाहीत. रस्ता व गटार रहिवाशांना रोजच दिसत होते. परंतु त्यांवर किती खर्च दाखविला गेला, हे कागद हाती आल्यावरच त्यांना कळले.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा १२ ऑक्टोबर २००५ पासून अंमलात आला. त्यानुसार अर्जदाराने माहिती मागण्याचे कारण सांगण्याची आवश्यकता नाही. अशा रीतीने १९८६ मधील कृतिगटांची अट कालबाह्य झाली. जन माहिती अधिकाऱ्याने सर्वसाधारणपणे ३० दिवसांत आणि व्यक्तीच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास ४८ तासांत माहिती द्यावयाची असते. दस्तऐवजांबरोबर चालू कामांची पाहणी करणे व साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे, हेही या अधिकारात समाविष्ट आहे. नकार मिळाल्यास किंवा मुदतीत उत्तर न आल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे प्रथम अपील व त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास प्रतिदिन २५० रु., कमाल २५,००० रु. इतका दंड होऊ शकतो.

अधिनियमाच्या चौथ्या कलमाने माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य कार्यालयांवर सोपविले आहे. या संदर्भात पुणे महानगरपालिकेने २००९ मध्ये सुरू केलेला उपक्रम उल्लेखनीय आहे. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अर्जाविना अभिलेख पाहू देण्याची ही पद्धत होती. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये जिल्हास्तरीय व त्याखालील कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांना ती लागू केली.

या अधिकाराला काही मर्यादा आहेत. अस्तित्वात नसलेली माहिती नव्याने तयार करून देण्याचे बंधन कार्यालयावर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याने वैयक्तिक माहितीविषयीच्या अपवादाची व्याप्ती वाढविली आहे. तथापि व्यापक सार्वजनिक हितासाठी माहिती देण्याची तरतूद कायम आहे. जुनी नस्ती ‘सापडत नाही’ हे उत्तर ही व्यवहारातील सर्वांत मोठी अडचण होय. त्यावर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ याने अभिलेख-जतनाची जबाबदारी निश्चित केली आणि केवळ नस्ती गहाळ झाल्याचे कारण पुरेसे नाही, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. जो कागद जपला गेला नाही, तो पाहण्याचा अधिकार निरर्थक ठरतो. म्हणून नगरपालिकेच्या अभिलेख-कक्षाची सुव्यवस्था ही केवळ कार्यालयीन बाब नसून माहितीच्या अधिकाराचा तो पाया आहे.