दहा दिवसांत तीन संघ: रशीद वॉलेस आणि पिस्टन्सचा हिशोब

फेब्रुवारी आला की एनबीए बघणाऱ्यांच्या फोनवर 'ट्रेड डेडलाइन'च्या बातम्यांचा नुसता पाऊस पडतो. कोण कुठे गेला, कुणाचा करार संपतोय, कुणाच्या खिशात किती उरलंय. खरं सांगतो, बरीच वर्षं मला यातलं अर्धंच कळायचं. मग एका जुन्या ट्रेडचा हिशोब नीट समजून घेतला आणि गाठ सुटली. आज तीच गोष्ट. साल २००४, शहर डेट्रॉइट.

आधी नियम, पटकन. आयपीएलच्या लिलावात संघाची पर्स संपली की संपली. एनबीएची सॅलरी कॅप तेवढी कडक नाही. २००३-०४ च्या हंगामात ती जवळपास ४.४ कोटी डॉलर होती. ती ओलांडता येते, पण अटींवर. दोनच लक्षात ठेवा. एक: कॅपच्या वर असलेल्या संघाला ट्रेडमध्ये जेवढा पगार बाहेर पाठवला, साधारण तेवढाच आत घेता येतो. तेव्हा सूट होती पंधरा टक्के आणि वर एक लाख डॉलर. दोन: स्वतःच्या खेळाडूला पुन्हा करारात घेताना कॅप ओलांडायची मुभा असते. हे 'बर्ड राइट्स', सेल्टिक्सच्या लॅरी बर्डवरून नाव पडलं. आणि खेळाडूचा ट्रेड झाला, की हा हक्कही त्याच्याबरोबर नव्या संघाकडे जातो. हे विसरू नका, पुढे कामाला येणार आहे.

आता डेट्रॉइट पिस्टन्स. कारभार जो डुमार्सच्या हातात. १९८९ आणि १९९० मध्ये याच संघातून खेळून त्याने दोनदा विजेतेपद मिळवलेलं. त्याने संघ काटकसरीने बांधला होता. २००० मध्ये ग्रँट हिल सोडून जाणार हे दिसल्यावर त्याला फुकट जाऊ दिलं नाही. बदल्यात बेन वॉलेस आणि चकी ॲटकिन्स घेतले. २००२ मध्ये चॉन्सी बिलप्स आला, रिचर्ड हॅमिल्टन आला, ड्राफ्टमध्ये तेविसाव्या क्रमांकावर टेशॉन प्रिन्स मिळाला. डुमार्स चुकायचाच नाही असं मात्र नाही हं. २००३ च्या ड्राफ्टमध्ये त्याच्याकडे दुसरा क्रमांक होता. त्याने डार्को मिलिचिच घेतला आणि कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश, ड्वेन वेड हे तिघंही दुसऱ्यांच्या वाट्याला गेले.

संघ चांगला होता, पण एक उंच, दूरवरून बास्केट करणारा आणि बचावही करणारा खेळाडू हवा होता. असा माणूस होता रशीद वॉलेस. पोर्टलंडचा स्टार, पण तापट. २०००-०१ च्या एकाच हंगामात त्याने ४१ टेक्निकल फाउल घेतले होते, तो विक्रमच. पगार वर्षाला सुमारे १.७ कोटी डॉलर आणि करार त्याच उन्हाळ्यात संपणार. ९ फेब्रुवारी २००४ ला पोर्टलंडने त्याला ॲटलांटा हॉक्सकडे पाठवलं. हॉक्सना तो खेळायला नकोच होता. त्याचा करार संपला की त्यांच्या खात्यावर जागा मोकळी होणार, एवढंच. तो तिथे एकच सामना खेळला, त्यात २० गुण काढले आणि १९ फेब्रुवारीला, डेडलाइनच्या दिवशी, डेट्रॉइटचा झाला.

एवढा मोठा पगार आत आणायचा म्हणजे तेवढाच बाहेर घालवायला हवा. डुमार्सने चार पगारांची मोळी बांधली: ॲटकिन्स, लिंडसे हंटर, बॉब सुरा, झेल्को रेब्राचा. बोस्टनला तिसरा भिडू म्हणून आणलं. हॉक्स आणि सेल्टिक्स दोघांना पहिल्या फेरीचा एकेक ड्राफ्ट पिक दिला. डेट्रॉइटला रशीद मिळाला, सोबत बोस्टनचा माइक जेम्स. हंटरची गंमत ऐका. बोस्टनने त्याला लगेच मोकळं केलं आणि तो काही दिवसांत परत डेट्रॉइटमध्ये! लीगने पुढे नियम बदलून ही वाट बंद केली.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. मार्चमध्ये पिस्टन्सने सलग पाच प्रतिस्पर्ध्यांना सत्तरच्या आत रोखलं. फायनलला समोर लेकर्स: शॅक, कोबी आणि विजेतेपदासाठी कमी पगारावर आलेले कार्ल मलोन व गॅरी पेटन. पिस्टन्स ४-१ ने जिंकले.

बहुतेक जण गोष्ट इथे संपवतात. मीही संपवायचो. पण खरी परीक्षा जुलैमध्ये होती. रशीदचा करार संपला, आणि ट्रेडमुळे त्याचे बर्ड राइट्स डेट्रॉइटकडे होते. कॅपची फिकीर न करता त्यांनी त्याला पाच वर्षांसाठी सुमारे ५.७ कोटी डॉलरवर ठेवून घेतलं. म्हणजे फेब्रुवारीत डुमार्सने चार महिन्यांच्या खेळाबरोबर पुढच्या पाच वर्षांचं दारही विकत घेतलं होतं. हॉक्सच्या लेखी मात्र रशीद म्हणजे संपत आलेला एक आकडा होता.

फुकट काहीच नसतं. त्याच संघात तरुण मेहमेत ओकुर होता. तो दोनच हंगाम खेळलेला, त्यामुळे त्याच्यावरचा हक्क अपुरा. युटा जॅझने त्याच्यापुढे सहा वर्षांचे सुमारे ५ कोटी डॉलर ठेवले. त्याची बरोबरी करायची तर रशीदला सोडावं लागलं असतं. ओकुर गेला आणि २००७ मध्ये ऑल-स्टार झाला. २००५ मध्ये पिस्टन्स पुन्हा फायनलला पोचले आणि सातव्या सामन्यात हरले. त्या मालिकेच्या पाचव्या सामन्यात, ओव्हरटाइमच्या शेवटी, रॉबर्ट हॉरीला मोकळं सोडून जिनोबिलीकडे धावला तो रशीदच. हॉरीने थ्री मारून सामना नेला. तरी निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. एक हक्क पुरा होता, दुसरा अर्धा; निवड तेवढ्यातच करायची होती.

मला राहून राहून आठवतो तो चकी ॲटकिन्स. बेन वॉलेसबरोबर एकाच व्यवहारात आला, साडेतीन वर्षं राबला आणि विजेतेपदाच्या चार महिने आधी त्या मोळीत बांधला गेला. हंटरला अंगठी मिळाली, त्याला नाही.

तर पुढच्या डेडलाइनला फोनवर 'एक्स्पायरिंग कॉन्ट्रॅक्ट' असं वाचाल तेव्हा दोन प्रश्न विचारा: करार संपल्यावर हक्क कुणाकडे राहणार? आणि पगार जुळवायला कुणाला घराबाहेर काढलं? तुम्ही डुमार्सच्या जागी असता तर रशीद ठेवला असता की ओकुर? मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडला!