नेटिव्ह व क्रॉस-प्लॅटफॉर्म कंट्रोल (मोबाइल अ‍ॅप)

मोबाइल अ‍ॅपच्या पडद्यावरील बटण, मजकुराची चौकट, स्विच, सरकणारी यादी, तारीख निवडण्याचे चक्र इत्यादी घटकांना कंट्रोल म्हणतात. फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमने स्वतः पुरवलेले ते नेटिव्ह. एकदा लिहिलेल्या कोडमधून अँड्रॉइड व आयओएस या दोन्हींवर चालावेत म्हणून एखाद्या फ्रेमवर्कने पुरवलेले ते क्रॉस-प्लॅटफॉर्म. ही विभागणी पूर्णपणे काटेकोर नाही. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह या क्रॉस-प्लॅटफॉर्म फ्रेमवर्कमधला स्विच आयफोनवर अ‍ॅपलच्या यूआयकिट या कंट्रोलसंचातलाच असतो. उलट गूगलने अँड्रॉइडसाठी पुरस्कारलेल्या जेटपॅक कंपोजमधले कंट्रोल अ‍ॅपसोबतच येतात आणि स्वतःला स्वतःच रेखाटतात. तरीही त्यांची गणना नेटिव्हमध्ये होते.

पूर्वेतिहास : सिस्टिमचे मूळ कंट्रोल वापरावेत की स्वतः रेखाटावेत, हा वाद मोबाइलपेक्षा जुना आहे. जावा भाषेच्या एडब्ल्यूटी संचाने 1995 मध्ये प्रत्येक सिस्टिमचे मूळ कंट्रोल वापरले, त्यामुळे सर्व सिस्टिममध्ये समान असेल तेवढेच देता आले. 1998 च्या, जावाच्याच स्विंग संचाने सर्व काही स्वतः रेखाटले. पुढे आयबीएमने एक्लिप्स या प्रोग्रामिंगच्या साधनासाठी केलेला एसडब्ल्यूटी संच पुन्हा मूळ कंट्रोलकडे वळला. मोबाइलवर हीच येरझार नव्याने झाली. 2008 मध्ये अ‍ॅपलने यूआयकिट बाहेरच्या प्रोग्रामरांना खुले केले. पुढच्याच वर्षी आलेल्या फोनगॅपने अ‍ॅपच्या चौकटीत वेबपान दाखवण्याचा मार्ग धरला. फेसबुकचे अ‍ॅपही बऱ्याच अंशी वेबपानांवर उभे होते. 2012 मध्ये कंपनीने आयफोनसाठी ते नेटिव्ह पद्धतीने पुन्हा लिहिले आणि एचटीएमएल5 वर अतिभर देणे ही चूक असल्याचे मार्क झुकरबर्ग यांनी जाहीरपणे सांगितले. त्याच कंपनीने 2015 मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह खुले केले. झामारिन फॉर्म्स हे फ्रेमवर्क 2014 चे, तर गूगलच्या फ्लटर या फ्रेमवर्कची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर 2018 मधली. त्याच वर्षी एअरबीएनबीने रिअ‍ॅक्ट नेटिव्ह सोडत असल्याचे जाहीर केले. हा निर्णय तंत्रातील उणिवांमुळे झाला की संघरचनेमुळे, याचा अर्थ नेटिव्ह व क्रॉस-प्लॅटफॉर्म यांचे समर्थक आपापल्या सोयीने लावतात.

कार्यपद्धती : वेबपानाचा मार्ग सोडल्यास दोन पद्धती उरतात. पहिलीत फ्रेमवर्क प्रोग्रामरची आज्ञा त्या त्या सिस्टिमच्या मूळ कंट्रोलपर्यंत पोहोचवते (रिअ‍ॅक्ट नेटिव्ह, झामारिन फॉर्म्स). दुसरीत सिस्टिमकडून केवळ कोरा पडदा घेऊन प्रत्येक बिंदू फ्रेमवर्कच रंगवते (फ्लटर). सिस्टिमचे रूप बदलले की हा फरक उघडा पडतो. 2013 च्या आयओएस 7 ने उठावदार बटणे सपाट केली, 2025 च्या आयओएस 26 ने काचेसारखे पारदर्शक रूप आणले. मूळ कंट्रोल वापरणाऱ्या अ‍ॅपला असे रूप नव्या साधनसंचाने बांधणी करताच बव्हंशी मिळते; स्वतः रेखाटणाऱ्या फ्रेमवर्कला ते नव्याने घडवावे लागते. मात्र जुन्या-नव्या सर्व अँड्रॉइड फोनांवर एकच रूप हवे असेल, तर रेखाटलेला कंट्रोलच भरवशाचा.

मजकूर आणि देवनागरी : बटणाच्या बाबतीत दोन्ही पर्याय जवळजवळ सारखेच उतरतात, खरी कसोटी मजकुराच्या चौकटीची. मूळ चौकटीबरोबर निवडीच्या खुणा, चिकटवण्याचा मेनू, शब्दसुधारणा, बोलून टंकलेखन आणि जतन केलेला पासवर्ड भरण्याची सोय आपसूक येते. रेखाटलेल्या चौकटीला यांपैकी प्रत्येक गोष्टीसाठी सिस्टिमशी वेगळा संवाद साधावा लागतो. देवनागरीत आणखी एक गुंतागुंत आहे. जोडाक्षरे जुळवण्याचे काम अँड्रॉइडवर हार्फबझ, तर आयओएसवर अ‍ॅपलचे कोअर टेक्स्ट करते. फ्लटर दोन्हीकडे हार्फबझ वापरते. त्यामुळे एकाच आयफोनवर दोन अ‍ॅपमधील मराठी मजकूर दोन वेगळ्या यंत्रणांनी जुळवलेला असू शकतो. ‘क्षि’ हे वाचकाला एक अक्षर असले तरी युनिकोडमध्ये ते क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार संकेत आहे. 2023 च्या युनिकोड 15.1 पर्यंत अक्षरगट पाडण्याचा सर्वसाधारण नियमही त्याचे ‘क्’ आणि ‘षि’ असे दोन तुकडे करी. फ्लटरच्या डार्ट भाषेत अक्षरमालेची लांबी मोजल्यास उत्तर चार येते. नावाला वीस अक्षरांची मर्यादा घालून ती अशा मोजणीने तपासली, तर मराठी नाव अर्ध्यातच, प्रसंगी हलन्तावर, तुटते. ल आणि श यांची मराठी वळणे काही फॉन्टमध्ये असतात, पण मजकुराची भाषा मराठी असल्याचे अ‍ॅपने कळवले तरच ती उमटतात. ‘दऱ्या’तील ऱ्य देखील तपासून घ्यावा लागतो. कंट्रोलची निवड करताना असे शब्द चाचणीसाठी क्वचितच वापरले जातात.

सुगम्यता : दृष्टिहीन वापरकर्त्यांसाठी आयफोनवर व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक पडदा वाचून दाखवतात. मूळ कंट्रोल आपली ओळख व स्थिती त्यांना स्वतःहून सांगतो. फ्लटर यासाठी अर्थवृक्ष नावाची समांतर रचना सिस्टिमला पुरवते आणि तयार कंट्रोलांपुरती ती चांगली चालते. पण प्रोग्रामरने चित्रावर केवळ स्पर्शाची नोंद घेऊन बनवलेले बटण वाचकयंत्रणेला बटण म्हणून कळत नाही. नेटिव्ह अ‍ॅपमध्ये हाताने रेखाटलेल्या घटकांनाही हा दोष लागू आहे. स्पर्शक्षेत्र अ‍ॅपलच्या मार्गदर्शिकेनुसार किमान 44 पॉइंट, तर अँड्रॉइडच्या मार्गदर्शिकेनुसार 48 डीपी असावे.

वेग : रिअ‍ॅक्ट नेटिव्हची मूळ कंट्रोलपर्यंत संदेश पोहोचवणारी जुनी व्यवस्था संथ मानली जाई, 2024 च्या 0.76 आवृत्तीपासून नवी रचना आपोआप (डीफॉल्ट) लागू झाली.

खर्च : दोन संघांऐवजी एक संघ पुरतो, हा क्रॉस-प्लॅटफॉर्मचा मुख्य दावा.

मिश्र वापर : नकाशा, वेबपान, कॅमेरा यांसारखे मूळ घटक फ्लटरच्या पडद्यात बसवता येतात, मात्र त्यासाठी रेखाटनाचा जादा भार पडतो. याउलट नेटिव्ह अ‍ॅपमधील एखादाच विभाग फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये लिहिण्याचीही सोय आहे. खेळांच्या अ‍ॅपमध्ये संपूर्ण पडदा गेम इंजिनच रेखाटत असल्याने नेटिव्ह की क्रॉस-प्लॅटफॉर्म हा प्रश्न सहसा खरेदी आणि लॉगिनच्या पडद्यांपुरताच उरतो.