संगणक हळू चालतो, तेव्हा नेमकं कोण हळू असतं?



हप्त्यांची नोंद करायची आहे, बाहेर चारजणी पासबुक घेऊन बसल्या आहेत, आणि संगणकाच्या पडद्यावर ते छोटं चक्र नुसतं फिरतंय. हे दृश्य आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या ओळखीचं आहे. मग कुणीतरी सांगतं, "जुना झालाय, नवीन घ्या." पण नवीन घ्यायचा तर पैसा गटाचा जाणार. म्हणून आज आपण खरेदीच्या आधीचा प्रश्न घेऊ. संगणक हळू चालतो, तेव्हा त्यातलं नेमकं कोण हळू असतं? हा प्रश्न आजचा नाही. त्याला ऐंशी वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सुरू होतो सहा बायकांपासून.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात 'कॉम्प्युटर' हा शब्द माणसांसाठी वापरत. तोफगोळा किती दूर पडेल याची गणितं हाताने करणाऱ्या बायकांना कॉम्प्युटर म्हणत. हेच गणित यंत्राने झटपट व्हावं म्हणून फिलाडेल्फिया शहरात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 'एनिअॅक' नावाचा संगणक बांधला गेला. एक मोठी खोली भरेल एवढा तो होता आणि त्यात सुमारे 18,000 काचेच्या नळ्या होत्या. तो चालवण्यासाठी हाताने गणित करणाऱ्यांतून सहाजणी निवडल्या. के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन ही त्यांची नावं.

त्यांना शिकवायला कुणी मास्तर नव्हता, माहितीपुस्तक नव्हतं. सुरुवातीला तर यंत्राच्या खोलीत जायची परवानगीही नव्हती. जोडणीचे नकाशे समोर पसरून त्या यंत्र शिकल्या. नळी जळली की उत्तर चुकायचं. 18,000 नळ्यांतली कोणती जळली, हे कसं ओळखायचं? एनिअॅक एकेक पाऊल चालवून बघता येत असे. उत्तर ठाऊक असलेलं गणित द्यायचं आणि ते कोणत्या पावलाला बिघडतं ते पाहायचं. असं करत करत त्या जवळजवळ नेमक्या नळीपर्यंत पोचायच्या. 15 फेब्रुवारी 1946 ला एनिअॅकचं उद्घाटन झालं. त्या वेळी दाखवलेलं गणित जेनिंग्ज आणि स्नायडर यांनी बसवलं होतं, पण रात्रीच्या मेजवानीचं बोलावणं या बायकांना नव्हतं. त्यांचा जाहीर सन्मान व्हायला 1997 साल उजाडलं.

त्यांची रीत मात्र टिकली. सगळ्या यंत्राला नावं ठेवायची नाहीत, एकेक भाग तपासत जायचा. ही रीत आपल्याला कशी वापरता येईल, त्यासाठी आधी संगणकाचे भाग ओळखू या.

समजा, मोठ्या कार्याचा स्वयंपाक आहे. स्वयंपाक करणारी म्हणजे प्रोसेसर. तिच्या समोरचा ओटा म्हणजे रॅम, आत्ता लागतं तेवढं सामान त्यावर. आणि धान्याची कोठी म्हणजे हार्ड डिस्क, सगळा साठा तिथे.

ही कोठी पहिल्यांदा आली 1956 साली. आयबीएम कंपनीने 'रॅमॅक' या संगणकाबरोबर हार्ड डिस्क आणली. 24 इंच रुंदीच्या 50 तबकड्या एकावर एक फिरायच्या आणि त्यांत सुमारे 50 लाख अक्षरं मावायची. आज एका फोटोलाही कधी कधी एवढी जागा लागते. पुढे तबकड्या लहान झाल्या, साठा अफाट वाढला, पण काम करायची पद्धत तीच राहिली. तबकडी फिरणार, सुई हवी त्या जागी सरकणार, मग माहिती हाती येणार. याला साधारण सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. आपल्याला तो काहीच वाटत नाही. पण आजचा प्रोसेसर सेकंदाला 300 कोटी ठोके घेतो. म्हणजे कोठीतून एक डबा येईपर्यंत त्याचे 3 कोटी ठोके फुकट जातात. स्वयंपाकीण चपळच असते, ती वाट बघत उभी असते.

ओटा लहान पडला तर काय करायचं, याचं उत्तर 1962 साली इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठाच्या 'अॅटलस' या संगणकाने दिलं. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी सोय केली, की ओट्यावर न मावणारं सामान यंत्र आपणहून मागच्या साठ्यात ठेवेल आणि लागलं की परत आणेल. सोय छान होती, पण तिला एक बाजू होती. एकाच वेळी फार कामं काढली की डबे आतबाहेर करण्यातच सगळा वेळ जातो आणि भाकरी एकही होत नाही. पीटर डेनिंग या अभ्यासकाने 1968 साली या अवस्थेची कारणं मांडली. आपल्या संगणकावर चार खिडक्या उघडल्या की तो गोठतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

आता येऊ सुटे भाग जोडून केलेल्या संगणकाकडे. 1981 साली आयबीएमने आपला छोटा संगणक बाजारात मिळणाऱ्या भागांतून बनवला आणि त्याची तांत्रिक माहिती छापली. मग तसेच भाग इतर कंपन्याही बनवू लागल्या. आपल्याकडे मुंबईचा लॅमिंग्टन रोड अशा सुट्या भागांसाठी प्रसिद्ध झाला. आपण ज्याला 'असेंबल्ड' म्हणतो, तो संगणक या वाटेने आला. त्याचा मोठा गुण हाच, की तो भागांचा बनलेला आहे. म्हणून तो भागाभागाने दुरुस्तही होतो.

शेवटची गोष्ट उष्णतेची. 2000 साली आलेल्या पेंटियम 4 या प्रोसेसरमध्ये अशी व्यवस्था होती, की फार तापला की तो स्वतःच आपला वेग कमी करी. आजचे प्रोसेसरही तसंच करतात. त्यामुळे धुळीने पंखा तुंबला तर संगणक लगेच बंद पडेलच असं नाही, आधी तो संथ होतो.

मग आपण काय करायचं? विंडोजमध्ये 1996 पासून टास्क मॅनेजर नावाची सोय आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की ती उघडते. तिथे सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे आकडे दिसतात. संगणक रेंगाळत असेल, तेव्हाच हे आकडे बघून वहीत लिहायचे.

आधी मेमरी पाहा. ती जवळजवळ भरलेली असेल, तर ओटा लहान आहे. नको असलेले प्रोग्रॅम बंद करा, संगणक सुरू होताना आपोआप उघडणारे कमी करा. तरी भागलं नाही, तर रॅम वाढवा. मदरबोर्डला कोणत्या जातीची रॅम लागते ते आधी पाहून घ्या, कारण डीडीआर3 च्या खाचेत डीडीआर4 बसत नाही. मेमरी मोकळी आहे, सीपीयू निवांत आहे, पण डिस्क सतत 100 टक्क्यांवर, तर उशीर कोठीत आहे. अशा वेळी पहिलं काम म्हणजे सगळ्या हिशोबाची दुसरी प्रत काढून ठेवणं, कारण डिस्क निकामी होण्याच्या वाटेवरही असू शकते. मग एसएसडी बसवायची. तिच्यात फिरणारा भागच नसतो, त्यामुळे सामान फार लवकर हाती येतं. हा क्रम मात्र मोडू नका. मेमरी भरली की डिस्कही धावपळ करते, म्हणून नुसता डिस्कचा आकडा पाहिला तर फसगत होते.

सीपीयूच सतत वर असेल, तर कोणता प्रोग्रॅम त्याला राबवतोय ते त्याच यादीत दिसतं. थोड्या वेळाने संथ होत असेल, तर बंद करून, प्लग काढून, पंख्यावरची धूळ मऊ ब्रशने झाडा. एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा आकडे लिहा.

आमच्या प्रभागसंघाच्या असेंबल्ड संगणकालाही "नवीनच घ्या" असा सल्ला मिळाला होता. लेखापाल ताईंनी आठवडाभर आकडे लिहिले. मेमरी निम्मी रिकामी, डिस्क कायम शंभरावर. आम्ही फक्त डिस्क बदलली. कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, सगळं जुनंच आहे आणि काम चालू आहे.

पैसे मोजायला आपण घाबरत नाही, सख्यांनो. पण कशासाठी मोजतोय ते आपल्याला ठाऊक हवं. दुकानात जाताना ती आकड्यांची वही बरोबर न्या आणि विचारा, "दादा, यातला कोणता भाग हळू आहे?" उत्तर मिळेपर्यंत पाकीट उघडू नका.