पिवळ्या फरशीची गोष्ट

हल्ली मेट्रोच्या स्थानकात आणि काही फुटपाथवर पिवळ्या, उंचवट्याच्या फरश्यांची पट्टी दिसते. पाय घसरू नये म्हणून ती बसवली असावी, असं अनेकांना वाटतं. खरं तर ती अंध माणसांची वाट आहे, आणि तिला इतिहासही आहे.

जपानमधल्या ओकायामा शहरात सेइइची मियाके नावाचे गृहस्थ राहत. ते ना इंजिनिअर, ना सरकारी अधिकारी. प्रवाशांसाठी लॉज चालवत. दृष्टी गेलेल्या एका मित्रामुळे त्यांना ही अडचण जवळून कळली. १९६५ साली त्यांनी उंच ठिपक्यांची फरशी तयार केली. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामाच्या अंधशाळेजवळ, हमरस्त्यावरच्या चौकात, अशा फरश्या जगात प्रथमच बसल्या. या कामात मियाकेंनी पदरचा पैसा घातला. १९७० साली ओसाकातल्या एका रेल्वे स्टेशनात त्या आल्या आणि मग देशभर पसरल्या.

या फरश्यांची भाषा सोपी आहे. लांब रेघा म्हणजे चालत राहा. गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे रस्ता, जिना किंवा वळण आहे. हे पायाच्या तळव्याला आणि काठीच्या टोकाला कळतं. पिवळा रंग आहे तो अंधुक दिसणाऱ्यांसाठी. म्हणून शोभेसाठी राखाडी फरशी बसवली, तर त्यांच्यासाठी ती नसल्यासारखीच!

सुरुवातीला जो तो कारखानदार आपल्या मनाने ठिपके काढी, त्यामुळे गोंधळ होई. अखेर २००१ साली जपानने नमुना ठरवून दिला आणि २०१२ साली आंतरराष्ट्रीय मानकही आलं.

आपल्याकडे १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात आवाज देणारे सिग्नल आणि झेब्रा क्रॉसिंगवर पायाला जाणवतील अशा खुणा करण्याची तरतूद होती. पण सोबत 'आर्थिक कुवतीनुसार' ही पळवाटही होती. २०१६ साली त्या जागी नवा कायदा आला.

कायदा झाला, फरश्याही बसू लागल्या. पण आमच्या भागात एक पिवळी पट्टी सरळ विजेच्या डीपीवर जाऊन आदळते. दुसरीवर दुचाक्या उभ्या असतात. बसवणाऱ्याने फरश्या मोजल्या, पण त्या कोणाला कुठे नेतात हे पाहिलं नाही. पट्टी नसेल तर अंध माणूस काठीने चाचपत, सावध चालतो. पट्टी असली की तो तिच्यावर विश्वास टाकतो. म्हणून चुकीची पट्टी ही नसलेल्या पट्टीहून वाईट.

मियाकेंचं मोठेपण मला इथेच वाटतं. पहिली फरशी त्यांनी अंधशाळेजवळ बसवली, म्हणजे जे वापरणार त्यांच्याच पायाखाली.

तुमच्या भागातली पट्टी एकदा शेवटपर्यंत चालून पाहा. खांबावर आदळत असेल तर वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्या. आणि तिच्यावर आपलीच स्कूटर उभी असेल, तर अर्जाचीही गरज नाही.