टायब्रेक (टेनिस)
टायब्रेक हा टेनिसमध्ये सेट ६-६ असा बरोबरीत आल्यावर खेळला जाणारा निर्णायक गेम होय. नावातील ‘ब्रेक’चा प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस भेदण्याशी संबंध नाही, येथे ‘टाय’ म्हणजे बरोबरी मोडायची असते. १५, ३०, ४० ही काहीशी विचित्र गणना सोडून यात गुण १, २, ३ असे सरळ मोजतात. किमान ७ गुण आणि दोन गुणांची आघाडी मिळवणारा खेळाडू सेट जिंकतो.

विंबल्डनमध्ये पूर्वी निर्णायक सेटला टायब्रेक नसे. त्यामुळे २०१० साली जॉन इस्नर व निकोला माहू यांचा सामना तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटे चालला. पाचवा सेट ७०-६८ असा जिंकलेला इस्नर पुढच्याच फेरीत सरळ सेटमध्ये हरला. २०१९ मध्ये विंबल्डनने १२-१२ नंतर टायब्रेक स्वीकारला. २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांत एकेरीच्या निर्णायक सेटमध्ये ६-६ नंतर १० गुणांचा टायब्रेक खेळतात.