दोष कोणाच्या माथीं? बैलबाजारापासून मोटारबाजारापर्यंत

विकत घेतलेली वस्तु घरीं आणल्यावर सदोष निघाली, तर तोटा कोणीं सोसावा, हा प्रश्न बाजाराइतकाच जुना आहे. नव्या वस्तूच्या बाबतींत त्याचें उत्तर त्या मानानें सोपें असतें. कारण नवी वस्तु कशी असावी याविषयीं घेणाराचें व देणाराचें फारसें दुमत नसतें. वापरलेल्या वस्तूची गोष्ट निराळी. तिला कांहीं झीज असणार, हें दोघेहि धरून चालतात. पण झीज कोठें संपते आणि दोष कोठें सुरू होतो, ती सीमा कोणीच आंखून ठेवलेली नसते. जुनी मोटार विकणारे व्यापारी आणि ती घेणारे गृहस्थ यांच्यामधील तंट्यांचें मूळ या न आंखलेल्या सीमेंत आहे. हे तंटे नव्या युगाचे वाटतात खरे. पण त्यांचा इतिहास मोटारीहून कितीतरी जुना आहे.

ठाणें जिल्ह्यांत बारवी नदीच्या आसमंतांत या इतिहासाचीं दोन्ही टोकें एकत्र दिसतात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचें बारवी धरण १९७२ सालीं उभें राहिलें, आणि त्याच्या पाण्यावर बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या बाजूचे कारखाने व वस्त्या वाढल्या. कारखान्यांबरोबर पगारदार कुटुंबें आलीं, आणि पगाराबरोबर दुचाकी, रिक्षा व मोटारी आल्या. परंतु याच मुलखांत, मुरबाड तालुक्यांतील म्हसा गांवीं, पौषी पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरते, आणि तींतील बैलबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. एका बाजूस बैल, दुसऱ्या बाजूस मोटार. मध्यें घेणाराची तीच धास्ती!

बैलाचा बाजार म्हणजे बहुधा वापरलेल्या मालाचाच बाजार. घेणारा आधीं दात पाहतो. बैल दुदाती, चौदाती, सहादाती कीं जुळलेला, यावरून वय ठरतें. मग त्यास चालवून पाहतो, खूर पाहतो, खांद्यावरचे घट्टे पाहतो. पण बैल मारका आहे कीं नाहीं, जुंपल्यावर तो भर शेतांत बसतो कीं काय, हें घटकाभराच्या पाहणींत कळत नाहीं. तें कळतें आठ दिवसांनीं, विसार देऊन, उरलेले पैसे चुकते करून, बैल गोठ्यांत बांधल्यावर. दात दिसतो, खोड दिसत नाहीं. दिसणारा दोष आणि लपलेला दोष, हा भेद येथूनच सुरू होतो, आणि पुढील सारा कायदा त्याच्याभोंवतीं फिरतो.

प्राचीन स्मृतिकारांनीं या व्यवहारास एक स्वतंत्र व्यवहारपदच दिलें होतें. क्रय-विक्रयानंतरचा पश्चात्ताप, या अर्थानें त्यास अनुशय म्हणत. मनुस्मृतींत त्यासाठीं दहा दिवसांची मुदत सांगितली आहे. याज्ञवल्क्यानें अधिक बारकाई दाखविली. त्याच्या मतें बीं पारखावयास दहा दिवस, लोखंडास एक दिवस, ओझ्याच्या वा ओढीच्या जनावरास पांच दिवस, रत्नांस सात दिवस आणि दुभत्या जनावरास तीन दिवस. दास-दासींनाहि त्या यादींत जागा होती. त्या समाजाचें तें लांछन होय. परंतु मुदती ठरविण्यामागील तत्त्व मात्र विचार करण्याजोगें आहे. ज्या वस्तूचा दोष जितक्या अवकाशानें प्रकट होतो, तितका अवकाश घेणारास द्यावा, हें तें तत्त्व. गाईचें दूध तीन दिवसांत कळतें, बैलाची ओढ पांच दिवसांत; बीं रुजतें कीं नाहीं हें कळण्यास आठवडा पुरत नाहीं.

नारदस्मृतींत याच्या दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत. घेतलेली वस्तु त्याच दिवशीं जशीच्या तशी परत केल्यास पूर्ण किंमत परत मिळे. दुसऱ्या दिवशीं किंमतीचा तिसावा हिस्सा कापला जाई, तिसऱ्या दिवशीं त्याच्या दुप्पट. स्वतः पारखून पसंत केलेली वस्तु मात्र परत करतां येत नसे. आणि निर्दोष वस्तु दाखवून सदोष देणाऱ्या विक्रेत्यास दुप्पट किंमत भरून वर तितकाच दंड द्यावा लागे. याज्ञवल्क्यावरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वरानें चालुक्यांच्या कल्याणींत लिहिली. तें कल्याण ठाणें जिल्ह्यांतील नव्हे, बिदरकडील होय. पण अंबरनाथाच्या शिवालयांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा लेख कोरला गेला, त्यानंतर कांहीं दशकांच्या आंतच ती टीका झाली, आणि पुढें मुंबई इलाख्यांत तिला मोठें प्रामाण्य लाभलें.

इंग्रजी कायद्यानें आरंभीं याच्या अगदीं उलट वाट धरली. घेणाऱ्यानें स्वतः सावध राहावें, हें त्याचें सूत्र. सतराव्या शतकाच्या आरंभीं लंडनच्या एका सोनारानें विष उतरविणारा म्हणून समजला जाणारा ‘बेझोअर’ खडा शंभर पौंडांस विकला. तो खरा नव्हता. न्यायालयाचें म्हणणें असें पडलें कीं, सोनारानें तो खरा असल्याचें सांगितलें, पण तशी हमी दिली नाहीं. तेव्हां दावा चालत नाहीं. सांगणें निराळें आणि हमी देणें निराळें! स्मृतिकारांनीं घेणारास दिवस दिले होते. इंग्रजी न्यायाधीशांनीं त्याच्याकडे शब्द मागितला. हिंदुस्थानांत १८७२ च्या करार कायद्यानें आणि त्यानंतर १ जुलै १९३० पासून अमलांत आलेल्या मालविक्री कायद्यानें हीच शब्दाची वाट येथें रूढ केली.

तोंपर्यंत त्या सूत्राची धार मात्र बरीच बोथट झाली होती. १९३० च्या कायद्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणें मालाच्या गुणाविषयीं सर्वसाधारण अशी कोणतीहि गर्भित हमी नसते. पण त्यास महत्त्वाचे अपवाद आहेत. घेणाऱ्यानें आपला हेतु विक्रेत्यास कळविला असेल, त्याच्या जाणकारीवर भिस्त ठेवली असेल, आणि तसा माल विकणें हाच विक्रेत्याचा धंदा असेल, तर माल त्या हेतूस योग्य असलाच पाहिजे. वर्णनावरून माल घेतला असेल, तर तो बाजारांत खपण्याजोगा असला पाहिजे. मात्र घेणाऱ्यानें पाहणी केली असल्यास त्या पाहणींत सहज दिसावयास हवे होते असे दोष त्याच्याच माथीं. दात आणि खोड यांचा भेद येथें पुन्हां भेटतो. शिवाय कायदा शर्त आणि हमी यांतहि फरक करतो. शर्त मोडली तर माल परत करतां येतो. हमी मोडली तर केवळ नुकसानभरपाई मिळते. आणि बासष्टाव्या कलमान्वयें हे सर्व गर्भित हक्क उभयतांच्या करारानें काढून टाकतां येतात! ‘आहे त्या स्थितींत’ हे तीन शब्द जुन्या मोटारीच्या पावतीवर दिसतात, त्यांचें बळ या कलमांत आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनें लष्कराच्या जादा ठरलेल्या जीपा व मालमोटारी विकावयास काढल्या. अशा सरकारी विक्रीची रीत म्हणजे वस्तु जेथें आहे तेथून, जशी आहे तशी उचलावयाची. त्याच सुमारास कल्याणजवळच्या लष्करी छावणींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं संसार मांडले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. मुंबईंत जनरल मोटर्सचा जोडणी-कारखाना १९२८ मध्यें निघाला होता, वालचंद हिराचंद यांची प्रीमियर कंपनी १९४४ मध्यें. परंतु पुढील तीन-चार दशकें नवें वाहन मिळण्यास वर्षानुवर्षें नांव नोंदवून वाट पाहावी लागे. अशा टंचाईंत जुन्या गाडीचा घेणारा तक्रार कशाची करणार? गाडी मिळाली, हेंच त्यास भाग्य वाटे.

याच काळांत इंग्लंडांतील न्यायालयांनीं जुन्या मोटारींविषयीं जे निर्णय दिले, ते येथील वकिलांच्याहि अभ्यासाचे झाले. १९५७ च्या एका खटल्यांत एका गृहस्थानें आपली मॉरिस गाडी व्यापाऱ्यास देतांना नोंदणीपुस्तक पाहून ती १९४८ ची असल्याचें सांगितलें. ती निघाली १९३९ ची. न्यायालयानें गृहस्थास जबाबदार धरलें नाहीं. कारण तो जाणकार नव्हता आणि प्रामाणिकपणें पुस्तकावर विसंबला होता. १९६५ मध्यें याच्या उलट प्रकार घडला. व्यापाऱ्यानें बेंटली गाडी विकतांना, नवें एंजिन बसविल्यापासून ती वीस हजार मैल चालल्याचें सांगितलें. वास्तविक ती लाखाच्या घरांत गेली होती. येथें व्यापारी बांधला गेला. कारण खरें काय तें शोधणें त्याच्या हातीं होतें. त्याच वर्षीं जुन्या जॅग्वार गाडीच्या घेणाऱ्याचा दावा मात्र बुडाला. क्लच दुरुस्त करावा लागेल हें त्यास आधींच सांगितलें होतें. खर्च अपेक्षेबाहेर गेला एवढ्यावरून रस्त्यावर चालणारी गाडी सदोष ठरत नाहीं, असें न्यायालयानें म्हटलें. मोटारीचे दात म्हणजे तिचा मैलमापक. तो मागें फिरविणें म्हणजे म्हाताऱ्या बैलास तरुण म्हणून विकणें होय.

भारतांत घेणाराच्या बाजूनें खरा पालट झाला तो १९८६ सालीं. महाराष्ट्रांत त्याची भूमि आधींच तयार होत होती. बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ सालीं पुण्यांत ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली. २४ डिसेंबर १९८६ रोजीं ग्राहक संरक्षण कायद्यास संमति मिळाली आणि दिवाणी न्यायालयाच्या लांबलचक वाटेस एक सोपी पाऊलवाट मिळाली. सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं प्रीमियर कंपनीच्या एका खटल्यांत, सदोष गाडी नवी कोरी म्हणून गळ्यांत मारूं पाहणें लाजिरवाणें आहे, असे कडक उद्गार काढले. मात्र २००६ सालीं मारुती कंपनीच्या खटल्यांत त्याच न्यायालयानें दुसरी बाजूहि स्पष्ट केली: हमीपत्रांत सुटे भाग बदलून देण्याचें वचन असेल, तर त्यावरून सबंध गाडी बदलून मागतां येत नाहीं. हमी लिहिली आहे तेवढीच.

१९८६ च्या कायद्याची जागा आतां २०१९ च्या कायद्यानें घेतली असून तो जुलै २०२० पासून चालू आहे. तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत दाद मागावी लागते; पण ती आपण राहतों त्या जिल्ह्यांत मागतां येते, आणि मालाच्या दोषाची तपासणी प्रयोगशाळेकडून करविण्याची सोयहि कायद्यांत आहे. स्वतः चालवून उपजीविका करण्यासाठीं रिक्षा घेणारा बदलापूरचा चालकहि ग्राहकच मानला जातो. ही गोष्ट लहान नव्हे. अशा माणसाची रिक्षा दारांत बंद पडून राहते, तेव्हां कर्जाचा हप्ता कांहीं बंद पडत नाहीं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यास परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यावें लागतें, आणि गाडी त्याच्या ताब्यांत आल्याची नोंद झाल्यावर तोच तिचा मालक समजला जातो. परंतु आपली एकुलती गाडी विकणारा शेजारी व्यापारी नसतो. त्याच्याशीं तंटा पडल्यास वाट बहुधा दिवाणी न्यायालयाचीच.

कायदा असा घेणाराकडे झुकत आला आहे. तरी स्मृतिकारांनीं दिलेले पारखण्याचे दिवस त्यानें जुन्या मोटारीच्या घेणारास परत दिलेले नाहींत. ते दिवस त्यास करारानेंच मिळवावे लागतात. म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं गाडी कशासाठीं हवी हें व्यापाऱ्यास लेखी कळवावें. ती किती चालली, तिला अपघात झाला होता कीं नाहीं, कोणते भाग बदलले, हें त्याच्या सहीनें घ्यावें. गाडी जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यावी. आणि ‘आहे त्या स्थितींत’ हे शब्द पावतीवर असल्यास त्यांचा अर्थ समजून मगच सही करावी. बैल गेल्यावर झोपा करण्याची संवय जुनी आहे. न्यायासनापुढें मात्र तोंडी गोडव्यापेक्षां कागदावरची एक साधी ओळ अधिक वजनदार ठरते.