ग्रानाडाचा राजवाडा आणि मोडलेला करार

पिंपळगाव रेणुकाईसारख्या मिरचीच्या बाजारगावी यायचे आणि बोलायचे स्पेनमधल्या राजवाड्यावर, हे ऐकून काही मंडळी हसली असतील. हसू द्या. त्या वाड्याचे आणि तुमच्या मिरचीचे नाते आहे, ते शेवटी सांगतो.

इटलीतील ट्यूरिन येथे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे प्रशिक्षण केंद्र आहे. कामगार-शिक्षणाच्या अभ्यासक्रमासाठी आम्ही तेथे गेलो होतो. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या माणसाला परदेशी शिकायला मिळाले, हे युनियनचे उपकार. अभ्यास संपल्यावर गाठीचे पैसे मोडून आम्ही ग्रानाडा गाठले.

अल्हाम्ब्राची उभारणी १२३८ साली पहिल्या मुहंमदाने सुरू केली. दारो नदीचे पाणी वरच्या अंगाला वळवून पाटाने टेकडीवर आणले आहे. मलिक अंबराने खडकीला नहर आणली, त्याच्या सुमारे पावणेचारशे वर्षे आधीची ही गोष्ट. सिंहचौकात बारा दगडी सिंहांच्या पाठीवर कारंज्याचे पात्र आहे. भिंतींवर कविता कोरल्या आहेत. इब्न जमरक या कवीचे नाव टिकले. चुना मळणाऱ्यांचे कोण ठेवतो?

पण आमचे पाय अडले ते शेजारच्या दुसऱ्या वाड्यापाशी. बाहेरून चौकोनी, आत गोल चौक. सम्राट पाचव्या चार्ल्सने बांधविलेला. त्याचा पैसा कोठून आला, ते ऐका.

नोव्हेंबर १४९१ मध्ये ग्रानाडाच्या सुलतानाने शरणागतीचा करार केला. धर्म, मशिदी, मालमत्ता, स्वतःचे काजी, सारे राखू असे राजाराणीने कलमवार लिहून दिले. २ जानेवारी १४९२ रोजी वाड्याचा ताबा गेला. १४९९ पासून सक्तीचे धर्मांतर सुरू झाले. लोक उठले, तेव्हा दरबार म्हणाला, तुम्ही दंगा केलात, आता करार कसला? हेच उत्तर आम्ही एका गिरणीच्या दारात आमच्या कानांनी ऐकले आहे. आधी कलम त्यांनीच मोडले होते.

पुढे १५२६ साली अरबी भाषा आणि पोशाख यांवर बंदीचा हुकूम निघाला. तो लांबणीवर पडावा म्हणून या धर्मांतरित लोकांनी मोठी रक्कम भरली. तिचा काही भाग या नव्या वाड्याच्या बांधकामाला लागला! म्हणजे स्वतःची बोली बोलण्याचा दंड भरून त्यांनी जेत्याचा वाडा उभा केला. १५६७ मध्ये बंदी आलीच. १५६८ च्या अखेरीस बंड झाले, ते चिरडून लोकांना देशोधडीला लावले, आणि काम बंद पडले. पैसा देणारेच उरले नाहीत. वाड्यावर पुरते छप्पर चढले ते विसाव्या शतकात.

आता मिरची. ग्रानाडाजवळच्या सांता फे या छावणीच्या गावी १७ एप्रिल १४९२ रोजी याच राजाराणीने कोलंबसाशी सफरीचा करार केला. त्या सफरींतून मिरची युरोपात आली आणि पुढे पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे. कोलंबसाला लिहून दिलेले हक्कही दरबाराने छाटले, आणि त्याच्या वारसांना राजाविरुद्ध वर्षानुवर्षे कज्जे लढवावे लागले.